पाण्याशी बोलणे

गेल्या मे महिन्यात वसईतले आमचे जुने कौलारू घर पाडायचे ठरले. चुलतभावांनी आपापले सामान आधीच हलवले होते. माझ्या वाट्याला आले ते आजीच्या खोलीतले कपाट. त्यात जुन्या जपमाळा होत्या, काडेपेटीत जपून ठेवलेली पदके होती, वाळवी लागलेले एक प्रार्थनापुस्तक होते आणि सर्वांत मागे खोकल्याच्या औषधाची एक लहान बाटली होती. बाटलीचे पत्र्याचे झाकण गंजून घट्ट बसले होते. आत पाणी नव्हते. तळाशी आणि काचेच्या कडेने अर्ध्या उंचीपर्यंत पांढरा थर होता. बाटली उजेडात धरली तेव्हा थरातले बारीक स्फटिक चमकले.

ती आजीच्या पवित्र पाण्याची बाटली होती. पाणी उडून गेले होते आणि मीठ उरले होते. निदान पहिल्या क्षणी मला तसे वाटले. त्या मिठाविषयी आणि माझ्याकडून झालेल्या एका चुकीविषयी हे लिहितो आहे. साहित्याच्या या पानावर उपासनाविधींची चर्चा काहींना अस्थानी वाटेल. पण मुद्दा शेवटी व्याकरणाशी येऊन थांबतो, म्हणून इथे मांडण्याचे धाडस करतो.

पवित्र पाणी म्हणजे काय, हे ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवे. कॅथलिक चर्चच्या दारात पाण्याची लहानशी कुंडी असते. आत जाताना भाविक त्यात बोट बुडवून स्वतःवर क्रुसाची खूण करतात. हे पाणी धर्मगुरूंनी प्रार्थनापूर्वक आशीर्वादित केलेले असते. भाविक ते घरी नेतात, आजाऱ्याच्या अंगावर आणि नव्या घरात शिंपडतात. आमच्या आजीच्या लेखी त्याचे उपयोग याहून पुष्कळ होते. पहिल्या पावसात ती विहिरीत चार थेंब टाकायची. पानवेलीच्या मांडवाखाली, गवताच्या गंजीभोवती, व्यायला आलेल्या म्हशीच्या पाठीवर झावळीच्या पात्याने ते शिंपडायची. गंजीत साप निघतात, म्हणून तिथे दोनदा.

मी आठ वर्षांचा असताना चर्चमध्ये वेदीसेवक होतो. ते १९६४ साल होते. रविवारच्या मिस्साआधी, गाभाऱ्यालगतच्या खोलीत फादर पाणी आशीर्वादित करत. मिठाची बशी धरण्याचे काम माझ्याकडे होते. मीठ वसईच्याच मिठागरातले असे, जाडे आणि किंचित मळकट. फादर जांभळा पट्टा गळ्यात घालत, पुस्तक उघडत आणि मिठाच्या बशीवर वाकत. माझ्याकडे ते पाहत नसत. दाराशी बाटली घेऊन उभ्या असलेल्या आजीकडेही पाहत नसत. त्यांची नजर मिठावर असे. लॅटिनमध्ये काही तरी ठाम स्वरात म्हणत, मधूनमधून बशीवर हाताने क्रुसाची खूण करत. मग तसेच पाण्यावर वाकत. शेवटी मीठ चिमटीने तीनदा, क्रुसाच्या आकारात पाण्यात सोडत. मला एक अक्षरही कळत नसे. बशी हलू द्यायची नाही, एवढेच कळत असे.

मग काळ बदलला. रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वेदीची दारे उघडली. लहानसहान आशीर्वादविधीही तपासून घ्यावेत, लोकांना त्यांत समजून-उमजून भाग घेता यावा, असे त्या दस्तऐवजात म्हटले होते. वसईत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फादर लोकांकडे तोंड करून मराठीत मिस्सा अर्पण करू लागले. सुधारित मिस्साग्रंथ १९७० साली निघाला आणि त्यात रविवारी पाणी आशीर्वादित करून लोकांवर शिंपडण्याचा नवा विधी आला. हा विधी गाभाऱ्यालगतच्या खोलीतून सगळ्यांसमोर आला. तो छोटा होता, स्पष्ट होता आणि मराठीत होता.

त्या बदलाचा मला झालेला आनंद आजही आठवतो. पुढे मी मराठीचा अध्यापक झालो त्यामागे तो आनंद थोडासा तरी असावा. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातील राचोल येथे १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात एका परक्या माणसाने मराठीची थोरवी गायिली, हे आम्ही वर्गात अभिमानाने शिकवतो. पण तेव्हापासून पुढची साडेतीनशे वर्षे वेदीवर लॅटिनच होती. कथा सांगायला मराठी आणि विधी करायला लॅटिन, ही वाटणी मला अपमानकारक वाटे. ज्ञानेश्वरीनंतर सातशे वर्षांनी तरी आपल्या प्रार्थनेला आपली भाषा मिळाली, असे मी व्याख्यानांतून सांगत असे. न कळणारी प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, हे माझे लाडके वाक्य होते.

आजीला ते मान्य नव्हते. तिने वाद घातला नाही. तिने एक युक्ती केली. जुन्या पद्धतीने आशीर्वादित केलेले पाणी संपत आले की ती त्यात आमच्या विहिरीचे थोडे पाणी मिसळत असे. मिसळलेले पाणी उरलेल्यापेक्षा कमीच हवे, असा तिचा कडक नियम होता. कमी पाण्याला जास्त पाणी आपल्यासारखे करून घेते, असे ती म्हणे. घरात विरजण राखावे तसे तिने ते पाणी राखले. ही तिची पदरची अंधश्रद्धा आहे असे मी समजत होतो. स्नानसंस्काराचे पाणी कमी पडले तर त्याहून कमी प्रमाणात साधे पाणी त्यात मिसळावे, तेही पुनःपुन्हा मिसळता येते, असा नियम जुन्या रोमन विधिग्रंथातच आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आजीने तो कोणत्या तरी फादरांकडून ऐकून आपल्या बाटलीला लावला असावा.

१९८७च्या उपवासकाळात आजी अंथरुणाला खिळली. एका संध्याकाळी तिने मला जवळ बोलावले. आजी सामवेदी बोलीत बोलायची. तिचे बोलणे इथे प्रमाण मराठीत देतो आहे, त्यात त्याची धार गेली आहे याची मला जाणीव आहे. ती म्हणाली, “बाटलीत तळाला राहिले आहे. माझ्यासाठी मिठाचे पाणी घेऊन ये.” आमच्यापासून तीन किलोमीटरवर, शेजारच्या धर्मग्रामात, एक वृद्ध फादर निवृत्त होऊन राहिले होते. माझ्या लहानपणी मिठावर वाकणारे ते हेच. “त्यांना येते,” आजी म्हणाली. “त्यांना सांग, ते करतील.”

मी एकतीस वर्षांचा होतो, नुकताच महाविद्यालयात कायम झालो होतो. मी तिला समजावू लागलो. आपल्या चर्चमधले पाणी तेवढेच पवित्र आहे, मिठाने काही होत नाही, देवाला मराठी कळते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आता पाण्याशी कोणी बोलत नाही. पाण्याबद्दल बोलतात.”

“पाण्याला लॅटिन कळते का?” मी विचारले.

“मला तरी कुठे कळायचे,” आजी म्हणाली.

मी हसलो. सायकल अंगणातच होती. मी गेलो नाही.

दहा-बारा दिवसांनी ती गेली. आमचे तरुण फादर आले होते. त्यांनी तिला तैलाभ्यंग दिले, मराठीत प्रार्थना केली, तिच्यावर पवित्र पाणी शिंपडले. तिने हात जोडले आणि ‘आमेन’ म्हटले. त्यात तिने कोणतीही कुरकुर केली नाही, हे नमूद केले पाहिजे. नवे पाणी तिने नाकारले नव्हते. तिला जुने एकदा हवे होते, एवढेच.

पुढे वीस वर्षांनी, ७ जुलै २००७ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या लॅटिन विधींना मोकळीक देणारे पत्र काढले. जगभर त्यावर बरीच चर्चा झाली. त्या निमित्ताने, केवळ कुतूहलापोटी, पाण्याच्या आशीर्वादाचा जुना विधी एकदा मुळातून वाचावा असे मला वाटले. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्या एका मित्राला घेऊन मी वाचायला बसलो. पोप पाचवे पॉल यांच्या काळात १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात तो आहे. म्हणजे ‘क्रिस्तपुराणा’च्या दोनच वर्षे आधी. त्यातल्या प्रार्थना मात्र त्याहून कितीतरी जुन्या आहेत. आठव्या शतकातल्या हस्तलिखितांतही त्यांची रूपे सापडतात.

पहिल्याच वाक्याला मी थांबलो. वाक्यात ‘तुला’ होते. हे ‘तुला’ देवाला उद्देशून नव्हते, भाविकालाही नव्हते. ते मिठाला होते.

जुना विधी असा चालतो. प्रथम मिठाला उद्देशून एक शपथवाक्य येते. जिवंत, खऱ्या आणि पवित्र अशा देवाची शपथ घालून मिठाला सांगितले जाते की तू श्रद्धावंतांच्या तारणासाठी शुद्ध हो, तुला ग्रहण करणाऱ्यांच्या देहामनाचे आरोग्य हो. जिथे तुला शिंपडले जाईल तिथून सैतानाचे कपट पळून जावो. त्यानंतर देवाला उद्देशून मिठासाठी प्रार्थना होते. मग पाण्याची पाळी. त्यालाही स्वतंत्रपणे शपथ घातली जाते आणि पुन्हा देवाची प्रार्थना होते. तीत घरांचा उल्लेख आहे, रोगट वाऱ्याचा उल्लेख आहे. मग मीठ आणि पाणी त्रैक्याच्या नावाने एकत्र केले जाते. शेवटच्या प्रार्थनेत विषारी सापाचे भय दूर जावो असे मागणे आहे. तो साप अर्थातच एदेन बागेतला. पण गवताच्या गंजीभोवती दोनदा पाणी शिंपडणारी आजी मला आठवली. तिला हे शब्द कोणी समजावून सांगितल्याचे मी कधी ऐकले नव्हते.

‘शपथ घालणे’ हा शब्दप्रयोग मी जाणीवपूर्वक करतो आहे. ‘एक्सॉर्सिझम’ म्हटले की आपल्याला चित्रपटातले भूत काढणे आठवते. पण हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याच्या मुळाशी ‘शपथ’ आहे. ‘तुला माझी शपथ आहे’ असे आपण म्हणतो, तेच हे. आणि शपथ घालायची तर समोर ऐकणारा कोणी असावा लागतो. दगडाला कोणी शपथ घालत नाही. घातली, तर तो दगड उरत नाही.

मिठाला हाक मारताना लॅटिनमध्ये ‘क्रेआतुरा सालिस’ असे दोन शब्द येतात. शब्दशः पाहिले तर ‘मिठाची निर्मिती’. माझ्या मित्राने समजावले की ही षष्ठी संबंध दाखवत नाही, ओळख सांगते. ‘मिठापासून केलेली वस्तू’ असा अर्थ नव्हे. ‘मीठ नावाच्या, देवाने निर्माण केलेल्या जिवा’ असा काहीसा. मीठ इथे धर्मगुरूच्या पंक्तीला बसते. दोघेही निर्मिलेले, दोघेही एकाच देवाचे आज्ञाधारक. म्हणूनच एकाने दुसऱ्याशी बोलण्यात काही वेडेपणा नाही.

यानंतर नवे विधी काढून बसलो. १९७०च्या मिस्साग्रंथात शपथवाक्ये गेली आहेत. तिथे धर्मगुरू देवाशी बोलतो आणि हे पाणी आशीर्वादित कर अशी विनंती करतो. त्यानंतर १९८४ साली रोमने आशीर्वादविधींचा एक स्वतंत्र ग्रंथ काढला. त्यात मिस्साबाहेर पाणी आशीर्वादित करण्याचा विधी आहे. शास्त्रवाचन आहे, ख्रिस्त हेच तारणाचे जिवंत पाणी अशी देवाची स्तुती आहे. आणि मागणे असे की या पाण्याच्या सिंचनाने वा वापराने आम्ही आतून ताजेतवाने व्हावे आणि स्नानसंस्कारात मिळालेल्या नव्या जीवनात चालत राहावे. तिथल्या पहिल्या प्रार्थनेत ‘हे पाणी आशीर्वादित कर’ असे सरळ मागणेही नाही.

वर्गात विभक्ती शिकवण्यात माझे आयुष्य गेले. समोर तीन पुस्तके उघडी होती आणि तीन विभक्त्या दिसत होत्या. १६१४च्या ग्रंथात पाणी संबोधनात आहे. १९७०च्या ग्रंथात ते द्वितीयेत गेले, वाक्याचे कर्म झाले; मराठीत अचेतन कर्माला प्रत्यय लागत नाही म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही, लॅटिनमध्ये दिसते. १९८४च्या ग्रंथात अर्थाने ते तृतीयेत आले, करण झाले. ज्याच्याशी बोलायचे ते पाणी, ज्याच्यावर कृपा मागायची ते पाणी आणि ज्याच्याद्वारे आपले काही व्हायचे ते पाणी. जुन्या विधीतही देवाला उद्देशून प्रार्थना आहेत, हे विसरून चालणार नाही. तिथे धर्मगुरू पाण्याशीच बोलून थांबत नाही. पण नव्या विधीत पाण्याशी बोलणे उरलेले नाही, हे मात्र खरे.

आजीला यातले काही माहीत नव्हते. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिला लॅटिन संबोधन ओळखू येण्याचे कारण नव्हते. पण तिने फादरांची मान पाहिली होती. ती मिठाकडे वाकलेली होती. नव्या विधीत फादर लोकांकडे पाहतात, पुस्तकाकडे पाहतात, हात पसरून वर पाहतात. पाणी बाजूला भांड्यात असते. आजीने व्याकरण कानांनी ऐकले नव्हते. डोळ्यांनी वाचले होते. आणि ते अचूक वाचले होते.

मग नवा विधी चुकला का? तसे मला वाटत नाही. सुधारणा करणाऱ्यांची भूमिका मला आजही पटते. सृष्टी मुळात चांगली आहे, देवाने ती चांगलीच निर्माण केली. तर मग मीठ आणि पाणी यांना आधी सैतानापासून सोडवण्याची भाषा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पवित्र पाणी म्हणजे जादूचे औषध नव्हे. ते आपल्या स्नानसंस्काराची आठवण आहे, हे लोकांना कळले पाहिजे, हेही रास्त आहे. मिस्साग्रंथातील ईस्टरकाळच्या प्रार्थनेत सृष्टीच्या आरंभीचे पाणी, लाल समुद्र, वाळवंटातली तहान आणि यार्देन नदीतला ख्रिस्ताचा स्नानसंस्कार, अशी सारी कथा एका दमात येते. ती मराठीत ऐकताना चर्चमधली मुलेसुद्धा कान देतात. बशी धरून उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला असे काही मिळाले नव्हते. मी काय धरून उभा आहे, ते मला कोणी सांगितले नव्हते.

तरीही काही तरी गेले. अचेतनाशी बोलण्याची ही रीत केवळ रोमची नाही. ऋग्वेदातल्या आपः सूक्तात पाण्यालाच हाक आहे. स्नान करताना सात नद्यांना नावाने बोलावणारे लोक आपल्या अवतीभवती आहेत. जात्याला ईश्वर म्हणून ओवी सुरू करणाऱ्या बायका आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात आहेत. वसईची माणसे चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली तेव्हा त्यांचे बरेच काही सुटले. लॅटिन विधी त्यांच्यावर वरून आला. पण त्या परक्या विधीत पाण्याशी बोलण्याची जुनी सवय मात्र शाबूत राहिली, एक अक्षरही न कळता. आणि आपली भाषा वेदीवर आली त्याच सुमारास ती सवय वेदीवरून गेली. मराठीत पाण्याशी बोलायला मुबलक शब्द आहेत. नेमके तेच वापरायची वेळ आली नाही. माझ्या लाडक्या वाक्याला या ठिकाणी पहिल्यांदा तडा गेला.

पुढची गोष्ट मला अधिक लागली. १९७०च्याच मिस्साग्रंथात, जिथे प्रथा असेल तिथे पाण्यात मीठ मिसळावे अशी सोय आहे. मिठावर म्हणायची एक छोटी प्रार्थनाही दिली आहे. तीत अलीशा संदेष्ट्याची आठवण आहे, जी जुन्या शपथवाक्यातही होती. यरीहो नगराचे पाणी वाईट होते, जमीन नापीक होती. अलीशाने झऱ्यात मीठ टाकले आणि पाणी बरे झाले, अशी ती कथा राजांच्या दुसऱ्या ग्रंथात येते. म्हणजे १९८७ साली आजीने मागितलेल्या मिठाच्या पाण्यासाठी कोणताही नियम मोडावा लागणार नव्हता. वृद्ध फादरांना लॅटिनही लागले नसते. आमचे तरुण फादरही ते करू शकले असते, मी विचारले असते तर. मी ज्या नव्या पुस्तकाच्या नावाने आजीला नाही म्हटले, त्या पुस्तकाने नाही म्हटलेलेच नव्हते. मी ते पुस्तक वाचले नव्हते, फक्त त्याच्या बाजूने बोलत होतो.

त्यानंतरही वारे फिरले. १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जुन्या विधींवर पुन्हा मर्यादा घातल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रोमने खुलासा केला की जुना विधिग्रंथ वापरायची परवानगी बिशपांनी फक्त जुन्या उपासनेसाठी खास स्थापन झालेल्या धर्मग्रामांना द्यावी. या वादात दोन्ही बाजूंची माणसे परस्परांवर फार कठोरपणे तुटून पडतात. एक बाजू म्हणते नवे पाणी दुबळे आहे. दुसरी म्हणते जुने पाणी अंधारयुगातले आहे. मी दोन्ही बाजूंचे लिखाण वाचतो आणि मला विरजण राखणारी एक बाई आठवते. जुन्यात थोडे थोडे नवे मिसळत जायचे, एवढेच तिने केले होते. तिच्या हिशेबात जुने पाणी नव्याला आपले करून घेत होते.

आता बाटलीतल्या त्या थराकडे परत येतो. ते मीठ कुठले? मला हवे असलेले उत्तर सरळ आहे: फादरांनी चिमटीने सोडलेले, ज्याच्याशी बोलले गेले ते मीठ. पण मी हिशेब केला. ते पाणी आजीने वीस वर्षे विहिरीच्या पाण्याने वाढवले. इतक्या मिसळण्यांनंतर विधीतले मूळ मीठ कितीसे उरले असणार? आणि त्या वर्षांत आमची विहीरच खारट होत चालली होती. वसईच्या किनारपट्टीवर भूगर्भातले गोडे पाणी उपसून टँकरने विकले जाऊ लागले की समुद्र आत सरकतो. बावखले बुजवली की पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही आणि त्याला अडवायला काही उरत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ याच पाण्यासाठी होती. ज्या मिठाने यरीहोचे पाणी बरे केले, त्याच मिठाने आमच्या वाडीतली पानवेल मारली. बाटलीतला थर बहुधा त्या आजारी विहिरीचा आहे. प्रयोगशाळेत नेला तरी याचा निकाल लागणार नाही. विधीतले मीठही वसईच्या खाडीतलेच होते.

या वर्षी ईस्टरनंतरच्या एका रविवारी मी आमच्या फादरांना विचारले, पाण्याच्या आशीर्वादात मीठ घ्याल का? ते माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहेत. त्यांनी ग्रंथ उघडला, पान शोधले. “आहे की,” म्हणाले, “मी ही प्रार्थना आजवर कधी म्हटलेली नाही.” मी घरून वाटीत मीठ नेले होते. पिशवीतले, पांढरे, बारीक. मिठागरातले जाडे मीठ आता सहज मिळत नाही. फादरांनी प्रार्थना म्हटली. सगळ्यांना समजली. अलीशाचे नाव ऐकून पुढच्या बाकावरच्या एका मुलीने आईला काही तरी विचारले. मग फादरांनी न बोलता मीठ पाण्यात सोडले. ग्रंथात तसेच आहे: मीठ मुकाट्याने सोडायचे.

वाटी धरून मी बाजूला उभा होतो. सहा दशकांनी पुन्हा त्याच कामावर. त्या शांततेत मी मनातल्या मनात मिठाला ‘तू’ म्हटले. पुढे काय म्हणायचे ते सुचले नाही. शपथ घालण्याचा अधिकार मला नाही. ‘तू’ म्हणून मी थांबलो.

घरी येऊन बाटलीचे झाकण कसेबसे उघडले आणि त्यात ते नवे पाणी ओतले. थर थोडा वेळ तसाच राहिला, मग विरघळला. आजीच्या नियमाप्रमाणे हे चुकले. नवे जास्त झाले आणि जुने कमी. अशा वेळी कोणी कोणाला आपले करून घेतले, ते सांगता येत नाही. बाटली आता माझ्या सदनिकेत, पुस्तकांच्या फळीवर आहे. पाणी स्वच्छ दिसते. चव मी पाहिली नाही. तीन किलोमीटरची ती सायकलफेरी मात्र राहिली ती राहिलीच.